लोडरवरचा स्नोब्लोअर: पंप कोणता, आणि बसवायचा कुठे?

कॅनडातील ऑन्टॅरिओ-क्युबेकमध्ये किंवा अमेरिकेच्या मिनेसोटा, मिशिगन, न्यूयॉर्क या उत्तरेकडच्या राज्यांत पाच-दहा एकर जागा असलेल्या माणसाकडे तीस ते पन्नास अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर बहुधा असतोच. उन्हाळ्यात तो गवत कापतो, हिवाळ्यात घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करतो. सार्वजनिक रस्ता साफ करणारा नांगर जाता जाता फाटकापाशी घट्ट बर्फाचा बांध घालून जातो, आणि तो फोडणे घरमालकाच्या वाट्याला येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडला. इतका बर्फ ढकलायला जागाच उरत नाही, तो उचलून लांब फेकावा लागतो. हे काम स्नोब्लोअरचे. तो ट्रॅक्टरच्या पुढे, लोडरच्या हातांवर बसवायचा म्हटला की त्याला ताकद तेलातूनच द्यावी लागते, आणि मग पंपाचा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नावर शेतकरी, हायड्रॉलिकचे दुकानदार आणि हौशी वेल्डर यांची मते बरीच वर्षे एकमेकांशी जुळत नाहीत. ती कुठे जुळत नाहीत आणि का, ते येथे पाहायचे आहे.

प्रश्न मुळात आला कुठून

बर्फ उडवून लावण्याची कल्पना रेल्वेतून आली. टोरांटोतील दंतवैद्य जे. डब्ल्यू. इलियट यांनी १८६९ मध्ये फिरत्या पात्यांच्या नांगराचे पेटंट घेतले. ऑरेंज जल आणि लेस्ली बंधू यांनी १८८० च्या दशकात तो रुळांवर आणला. रस्त्यासाठी असे यंत्र क्युबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये बनवले आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियललगतच्या उत्रमाँने ते विकत घेतले.

ट्रॅक्टरच्या बाजूने पाहिले तर इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१८ मध्ये पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरती ताकद देणारा मागचा शाफ्ट, बाजारात आणला. १९२० च्या दशकात त्याची गती प्रमाणित झाली, आणि मिनिटाला ५४० च्या आसपास फेऱ्या हे माप तेव्हापासून चालत आले आहे. आपल्याकडचा रोटाव्हेटर आणि द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर याच ५४० वर फिरतात. १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरबरोबर हॅरी फर्ग्युसन यांचे थ्री-पॉइंट लिंकेज, म्हणजे मागे अवजार तीन ठिकाणी अडकवून उचलण्याची जोडणी, घराघरांत पोहोचले. मागे ब्लोअर अडकवा, पीटीओला जोडा आणि ट्रॅक्टर उलटा चालवा, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

ही पद्धत स्वस्त, मजबूत आणि कार्यक्षम आहे. तिचा दोष एकच: तासभर मान मागे वळवून बसावे लागते. क्युबेकमध्ये यावर तोड म्हणून उलट्या तोंडाचे ब्लोअर निघाले. ते मागेच बसतात, पण ट्रॅक्टर पुढे जाताना त्यांना ओढत नेतो. काही कंपन्यांनी पोटाखालच्या मिड-पीटीओवरून शाफ्ट पुढे नेऊन समोर ब्लोअर बसवला, पण असा संच सहसा एका ट्रॅक्टरसाठी बनवलेला असतो आणि दुसऱ्याला बसत नाही.

खरी कलाटणी मिळाली स्किड-स्टीअर या आटोपशीर लोडरमुळे. १९५७ मध्ये मिनेसोटातील केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी छोटा लोडर बनवला. त्यातूनच पुढे बॉबकॅट घडला. त्या यंत्रांसाठी तेलावर चालणाऱ्या ब्लोअरची मोठी बाजारपेठ उभी राहिली आणि अवजार अडकवण्याची त्यांची प्लेट ट्रॅक्टरच्या लोडरवरही सर्रास येऊ लागली. ब्लोअर पाच मिनिटांत अडकतो, पण अडकवल्यावर कळते की तो मागतो तेवढे तेल ट्रॅक्टरकडे नाही.

आधी हिशेब

या वादातला निम्मा गोंधळ दाब आणि प्रवाह यांची गल्लत केल्याने होतो. दाबावरून ब्लोअर फिरवणाऱ्या तेलाच्या मोटारीचा जोर ठरतो आणि प्रवाहावरून तिची गती. दोन्ही मिळून ताकद. बारमधला दाब गुणिले मिनिटाला लिटर, भागिले ६००, की उत्तर किलोवॅटमध्ये येते.

ब्लोअरला गती लागते. साठ सेंटिमीटर व्यासाचा पंखा ५४० फेऱ्यांवर फिरला की त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १७ मीटर होतो. बर्फ किती लांब जाणार हे या वेगाच्या वर्गावर ठरते. पंप छोटा पडला आणि पंखा ४५० वर आला तर फेक जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. आणि बर्फ जर वाटेच्या कडेलाच पडत असेल, तर पुढच्या खेपेला तोच पुन्हा उचलावा लागतो.

ताकद किती लागेल हे बर्फावर अवलंबून आहे, आणि इथे फरक प्रचंड पडतो. १.८ मीटर रुंदीचा ब्लोअर ३० सेंटिमीटर थरातून ताशी २ किलोमीटर वेगाने गेला तर सेकंदाला ०.३ घनमीटर बर्फ आत येतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तर ३० किलो, आणि त्याला १७ मीटरचा वेग द्यायला साडेचार किलोवॅटही लागत नाहीत. तोच बर्फ वाऱ्याने दाबून ३५० किलोचा झाला की सेकंदाला १०५ किलो आणि १५ किलोवॅट. घर्षण, गिअर आणि खरडण्याचा खर्च त्यावर वेगळा. म्हणून एकाच ब्लोअरबद्दल दोन शेजाऱ्यांची मते टोकाची असतात, आणि दोघेही खरे बोलत असतात.

यापुढे उदाहरणासाठी एकच ट्रॅक्टर धरतो: इंजिन ४० अश्वशक्तीचे, पीटीओला मिळणारी ताकद सुमारे ३२ अश्वशक्ती, म्हणजे २४ किलोवॅट. उद्दिष्ट, मिनिटाला ८० लिटर तेल. हा प्रवाह १४० सीसीच्या मोटारीला ५४० च्या आसपास फिरवतो. अमेरिकी कॅटलॉगमध्ये तो २१ गॅलन म्हणून दिसेल. पण अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचा आणि जुना ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा, हे कॅनडात जुनी कागदपत्रे चाळताना लक्षात ठेवावे.

पहिली बाजू: ट्रॅक्टरचाच पंप वापरा

या आकाराच्या ट्रॅक्टरचा स्वतःचा पंप मिनिटाला २० ते ३५ लिटर देतो, दाब १७० बारच्या आसपास. पंचवीस लिटर धरले तर ७ किलोवॅट, म्हणजे साडेनऊ अश्वशक्ती. आपल्याकडच्या टिपिंग ट्रॉलीच्या जॅकला हे पुरते, कारण जॅकला जोर लागतो आणि घाई नसते. ब्लोअरला अखंड प्रवाह लागतो. शिवाय स्टीअरिंग आणि लोडर बऱ्याचदा त्याच पंपावर असतात.

तरीही ही बाजू अगदीच मोडीत काढण्यासारखी नाही. सव्वा मीटरचा छोटा ब्लोअर, कोरडा बर्फ आणि सवड असलेला माणूस, एवढे जुळले तर काम होते. मोठ्या ब्लोअरला मात्र हा मार्ग नाही, आणि यावर जाणकारांत आता फारसा वाद उरलेला नाही.

दुसरी बाजू: पीटीओवर थेट बसणारा पंप

५४० फेऱ्यांत ८० लिटर द्यायचे तर गळतीचा हिशेब धरून प्रत्येक फेरीला १६० सीसी तेल ढकलणारा पंप हवा. असे जाडजूड, बिडाच्या कवचाचे गिअर पंप मिळतात. त्यांच्या तोंडाशी सहा खाचांची बाही असते, ती सरळ पीटीओच्या शाफ्टवर सरकवायची. गिअरबॉक्स नाही, कपलिंग नाही. साधेपणा हा या बाजूचा सर्वात मोठा मुद्दा, आणि तो वजनदार आहे. बिघडायला त्यात फार काही नसते.

आक्षेप दोन आहेत. पहिला शाफ्टवर येणाऱ्या भाराचा. पंप शाफ्टवर लटकतो आणि शाफ्टबरोबर स्वतःही फिरू पाहतो. त्याला धरून ठेवायला एक दांडा आणि साखळी लागते. २४ किलोवॅट ५४० वर म्हणजे ४२४ न्यूटन-मीटर. दांड्याला ३० सेंटिमीटरवर साखळी लावली तर तिच्यावर सुमारे १४० किलोचा ताण येतो. अनेक जण साखळीऐवजी पक्की पट्टी वेल्ड करतात. ती दिसायला भक्कम असते, पण पंपाला हलू देत नाही, आणि शाफ्टची जरा वाकडी फेरीसुद्धा मग सील व बेअरिंगवर येते. साखळी सैल दिसते म्हणून तिच्यावर विश्वास बसत नाही, पण तिथे तो सैलपणाच हवा असतो.

दुसरा आक्षेप गतीचा. गिअर पंपातली गळती प्रामुख्याने दाबावर ठरते, गतीवर कमी. त्यामुळे पंप हळू फिरला की तेवढीच गळती एकूण प्रवाहाचा मोठा हिस्सा होऊन बसते. बर्फ जड लागला, इंजिन दबले, पीटीओ ४५० वर आला, आणि नेमकी गरज असताना पंखा दुहेरी मंदावतो.

तिसरी बाजू: मध्ये गिअरबॉक्स

एकास तीन गती वाढवणारा गिअरबॉक्स लावला की पंप १६२० फेऱ्यांवर जातो आणि ५३ सीसीचा, हातात मावणारा पंप ८० लिटर देतो. या मापाचे पंप जगभर बनतात, दाब जास्त सोसतात आणि कोणत्याही हायड्रॉलिकच्या दुकानात मिळतात. गिअरबॉक्समध्ये दोन-तीन टक्के ताकद जाते, पण वेगात फिरणारा पंप ती बरीचशी भरून काढतो.

या संचाला टाकी हवी, आणि ती सोयीने मागच्या थ्री-पॉइंट लिंकेजवरच बसते. यातून मिळणारा एक फायदा कागदावरच्या तुलनेत निसटतो. पुढे लोडरवर तीन-चारशे किलोचा ब्लोअर लटकत असताना ट्रॅक्टरच्या मागे वजन लागतेच. ऐंशी लिटर तेल, पोलादी टाकी, पंप आणि चौकट मिळून त्यातला चांगला भाग भरून निघतो. माझ्या मते ३० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर, मोठा ब्लोअर कायम वापरायचा असेल तर हीच मांडणी सर्वात कमी तडजोडीची आहे. खर्च जास्त आणि जोडणी किचकट, ही तिची किंमत.

पंपाला दुसरी जागा शोधणारेही आहेत. मिड-पीटीओ अनेक छोट्या ट्रॅक्टरांवर २००० ते २५०० फेऱ्यांचा असतो. तिथे गिअरबॉक्सशिवाय ४३ सीसीचा पंप चालतो, पण पोटाखाली जागा चिंचोळी आणि होज घासण्याची भीती. इंजिनच्या पुढच्या पुलीवरून पंप चालवणे ट्रकवर रूढ आहे. छोट्या ट्रॅक्टरवर मात्र रेडिएटर वाटेत येतो, आणि क्लच नसेल तर जुलै महिन्यातही पंप फिरतच राहतो.

गिअर, व्हेन की पिस्टन

पंपाच्या जातीवरचा वाद वाटतो तेवढा मोठा नाही. हॅरी व्हिकर्स यांनी १९२५ मध्ये संतुलित व्हेन पंप शोधला. तो शांत चालतो, पण घट्ट झालेल्या थंड तेलात त्याची पाती खाचेतून वेळेवर बाहेर सरकत नाहीत. बर्फात काम करणाऱ्या यंत्रासाठी ही गैरसोय मोठी आहे.

पिस्टन पंपाची बाजू घेणारे सांगतात की तो गरजेपुरतेच तेल देतो, कार्यक्षमता जास्त, दाब दीडपट-दुप्पट. हे सगळे खरे आहे. पण ब्लोअर हे एकाच गतीने अखंड फिरणारे यंत्र आहे. गरजेनुसार प्रवाह बदलण्याची कला तिथे वाया जाते. शिवाय पिस्टन पंपाला तेलातली घाण सोसत नाही, आणि हे संच बऱ्याचदा कोठारात, उघड्या फिटिंग्ज फडक्याने पुसून जोडलेले असतात. गिअर पंप धूळ, थंडी आणि मालकाची घाई तिन्ही सोसतो. म्हणूनच बहुतेक संचांत तोच दिसतो.

थंडीतली सुरुवात

पंप निवडताना लोक दाबाच्या होजकडे बघतात आणि शोषणाच्या होजकडे दुर्लक्ष करतात. पंप बिघडतो बहुधा शोषणाच्या बाजूने. ४६ ग्रेडच्या तेलाची चिकटाई ४० अंशांवर ४६ सेंटिस्टोक असते. उणे २० अंशांवर ती काही हजारांत जाते, आणि थंड सुरुवातीला गिअर पंप साधारण हजार-दोन हजारांपर्यंतच झेपवतो. तेल आलेच नाही की पंपात पोकळ्या तयार होतात आणि आतून खडे दळल्यासारखा आवाज येतो.

उपाय ठाऊक आहेत: टाकी पंपाच्या वर, होज आखूड, शोषणाचा वेग सेकंदाला एक-सव्वा मीटरच्या आत. ८० लिटरसाठी म्हणजे ३८ मिलिमीटर, दीड इंची होज. दाबाच्या बाजूला १९ मिलिमीटर पुरते, पण परतीची होज इंचापेक्षा बारीक नको. अनेक घरगुती संचांत तिन्हीकडे एकाच मापाची होज दिसते, कारण दुकानात तिचाच गुंडाळा मिळाला.

तेलावर मात्र एकमत नाही. एक गट पातळ ३२ ग्रेडचे किंवा बहुश्रेणी तेल वापरतो. दुसरा ट्रॅक्टरमधलेच तेल टाकीत भरतो, कारण गळती किंवा अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. तिसरा टाकीला विजेचा हीटर चिकटवतो आणि तेलाचा विचार सोडून देतो. तिन्ही गटांची यंत्रे चालतात. इंजिन मंद ठेवून पाच-दहा मिनिटे पंप नुसता फिरवायचा, हे मात्र तिघेही करतात.

उष्णतेचे काय

पीटीओकडून आलेल्या २४ किलोवॅटपैकी पंप, होज आणि मोटार ओलांडून ब्लोअरपर्यंत साधारण १७ पोहोचतात. सरळ लोखंडी शाफ्टने यातले थोडेच गमावले असते. तेलातून ताकद नेण्याची ही खरी किंमत, आणि मागच्या ब्लोअरचे समर्थक ती बरोबर दाखवून देतात.

हरवलेले सात किलोवॅट तेलात उष्णता म्हणून उरतात. कूलर लावायचा का? एक बाजू म्हणते, बाहेर उणे २० असताना कूलर कशाला, ८० लिटरच्या टाकीचा पत्राच पुरे. हिशेब केला तर तेवढी टाकी वाऱ्यात दीड-दोन किलोवॅट बाहेर टाकते, सात नाही. पूर्ण भारावर तेल मिनिटाला तीनेक अंशांनी तापेल, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत उणे २० वरून चाळीस अंशांच्या पुढे. पण पूर्ण भारावर सतत काम कोण करतो? शंभर मीटरची वाट अर्ध्या तासात संपते, त्यात वळणे आणि थांबणे आलेच. घरापुरते काम असेल तर कूलरविना भागते. पैसे घेऊन दहा-बारा घरांच्या वाटा साफ करणाऱ्याने तो लावावा. यांच्यामध्ये कुठेतरी सीमारेषा आहे आणि तिच्यावर सहमती नाही. टाकी प्रवाहाच्या एकपट हवी की तिप्पट, हा वाद त्याच सीमारेषेचा दुसरा चेहरा.

आधी काय हार मानणार

सर्वात कमी चर्चा झालेला, आणि मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा. बर्फात दडलेली फांदी किंवा वर्तमानपत्राचा गोठलेला गठ्ठा ऑगरमध्ये, म्हणजे बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या स्क्रूमध्ये, अडकला, तर पहिल्यांदा कोण थांबणार: इंजिन, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, की मुद्दाम कमजोर ठेवलेला शिअर बोल्ट?

आपल्या उदाहरणात व्हॉल्व्ह १७५ बारला उघडणारा धरला, तर ८० लिटरसाठी, पंपातली तूट धरून, पंप जवळजवळ २७ किलोवॅट मागेल. पीटीओकडे २४ आहेत. याचा अर्थ, भार हळूहळू वाढत गेला तर व्हॉल्व्ह उघडण्याआधी इंजिन दबेल. अनेकांना हेच पसंत आहे: कानाला इंजिन जड लागले की पायाने वेग कमी करायचा. दुसरे म्हणतात, पंप ६५ लिटरचा घ्या, म्हणजे इंजिन शाबूत राहील आणि व्हॉल्व्ह आधी उघडेल, फेक थोडी कमी झाली तरी चालेल. तिसरे दोन्हींवर भरवसा न ठेवता ऑगरच्या शाफ्टवर शिअर बोल्ट ठेवतातच, कारण अचानक बसलेल्या धक्क्याला व्हॉल्व्हची चपळाई पुरत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह हवाच की नको, यावर मात्र दुमत नाही. गिअर पंपाची वाट बंद झाली की तो दाब वाढवत जातो, जोवर काहीतरी फुटत नाही. होजला पडलेल्या सुईएवढ्या छिद्रातून निघणारी धार त्वचेतून आत शिरते. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधायची.

पीटीओ बंद केल्यावर जड पंखा आपल्याच वेगाने फिरत राहतो आणि मोटारीला पंप बनवून तेल ओढू लागतो. त्यासाठी मोटारीपाशी एक चेक व्हॉल्व्ह लागतो. स्किड-स्टीअरसाठी बनलेल्या ब्लोअरमध्ये त्याची सोय बहुधा असते. पीटीओचा जुना ब्लोअर घेऊन त्यावर मोटार बसवणाऱ्यांना तो आठवणीने बसवावा लागतो.

मोजमाप कोण करणार

नेब्रास्कात १९२० पासून ट्रॅक्टरांची अधिकृत चाचणी होते. पीटीओची ताकद आणि हायड्रॉलिकचा प्रवाह हे आकडे तिथे छापील मिळतात. पंपाचे आकडे पंपवाला देतो, मोटारीचे मोटारवाला. ब्लोअरचे कॅटलॉग मात्र फेक इतके मीटर असे सांगते आणि तो बर्फ कोणत्या घनतेचा होता, याबद्दल काही बोलत नाही. वर पाहिले तसे, घनता बदलली की गरज तिपटीहून जास्त बदलते.

अमेरिकेत १९९४ पासून विकले जाणारे महिंद्राचे ट्रॅक्टर असोत किंवा पुण्याच्या जॉन डिअर कारखान्यातून निर्यात होणारे, त्यांच्या पुढे असा ब्लोअर लावू पाहणारा मालक शेवटी कागद-पेन्सिल घेऊनच बसतो. पीटीओची ताकद त्याला ठाऊक असते आणि प्रवाह ठरवता येतो. पण पंप, दहा-बारा मीटर होज आणि मोटार या साखळीत उणे २५ अंशांच्या सकाळी नेमके किती टक्के हरवतात, हे दोन्ही टोकांना मीटर लावल्याशिवाय कळत नाही. दाबाचे घड्याळ स्वस्त आहे आणि ते बहुतेक संचांवर असते. प्रवाह मोजणारे मीटर महाग, म्हणून ते सहसा लावले जात नाही, आणि कूलर, टाकी व तेल या तिन्हींवरचे वाद त्या एका न मोजलेल्या आकड्यापाशी अडून बसले आहेत.